मालाला हात लावण्याआधी: वऱ्हाडी वगाच्या धुलाईविरुद्ध

प्रस्तुत लेख लिहिणारे आम्ही चौघे अमरावती आणि अकोला येथील महाविद्यालयांत मराठी शिकवतो. आमच्यापैकी दोघांचा रोजचा प्रवास बडनेरा ते अकोला असा असतो आणि या लेखातील बरेचसे भांडण त्या गाडीतच झालेले आहे. निमित्त तसे लहान आहे. गेल्या वर्षी आमच्या काही विद्यार्थ्यांनी एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी वग बसवला. बाप आजारी म्हणून कापसाची गाडी घेऊन एकटीच बाजारात आलेली शेतकऱ्याची पोर, तिचा कापूस ओला ठरवून कटती लावू पाहणारा अडत्या, काट्यावर बसलेला मापारी आणि कोणाची बाजू घ्यायची हे खिशाकडे पाहून ठरवणारा हवालदार, अशी चार पात्रे. ढोलकी, तुणतुणे, पेटी आणि मुलांनी स्वतः रचलेली सहा गाणी. चाळीस मिनिटांचा मामला.

या वगात एक जागा होती. अडत्या कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, पण नजर पोरीवरून हलवत नाही. तेव्हा ती म्हणते, "मालाले हात लावाच्या आंधी भाव सांगा, शेठ!" तालमीत या वाक्याला ढोलकीवाल्याची थाप हमखास चुकायची, कारण तोही हसत असायचा.

प्रयोगाच्या आठ दिवस आधी संहिता एका तपासणी समितीपुढे गेली. समितीचे आणि संस्थेचे नाव देण्याचे कारण नाही. तेथील माणसे सज्जन आहेत, आमच्यासारखीच शिकलेली आहेत, आणि म्हणूनच हा लेख लिहावा लागत आहे. समितीने तीन शेरे मारले. पहिला: वरील वाक्य 'द्व्यर्थी व अश्लील' असून त्याऐवजी "कृपया आधी दर सांगावा" असे घ्यावे. दुसरा: संवाद 'सर्वांना समजेल अशा शुद्ध मराठीत' लिहावेत. तिसरा: मुलीच्या तोंडी अशी भाषा शोभत नाही, भूमिका ठेवायचीच असेल तर ती एखाद्या मुलाने साडी नेसून करावी.

मुलांनी ऐकले. प्रयोग झाला. "कृपया आधी दर सांगावा" या वाक्यावर सभागृहात कोणी खोकलेसुद्धा नाही. त्याच दिवशी, त्याच रंगमंचावर, एका इंग्रजी प्रहसनावरून बेतलेल्या एकांकिकेत एका पात्राची विजार दोनदा घसरली. त्या एकांकिकेला दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. तिच्याबद्दल आमची तक्रार नाही, आम्हीही हसलो. तक्रार एवढीच की, आमच्या वगातली ती मुलगी तालमीला पुन्हा आली नाही. तिच्या घरी जो निरोप पोहोचला तो 'पोरगी अश्लील नाटकात काम करते' असा होता. आमच्या दृष्टीने हे प्रकरण एका वाक्याचे राहिले नाही ते यामुळे.

ग्राम्य आणि अश्लील

समितीतील मंडळी साहित्याची असल्यामुळे त्यांच्याच शास्त्रापासून सुरुवात करणे उचित होईल. मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त पददोषांच्या यादीत 'अश्लील' आणि 'ग्राम्य' हे दोन वेगळे दोष आहेत. अश्लीलाचेही तीन प्रकार आहेत: लज्जा उत्पन्न करणारे, जुगुप्सा उत्पन्न करणारे आणि अमंगल सुचवणारे. एम.ए.च्या वर्गात आम्ही हे दरवर्षी शिकवतो, विद्यार्थी पाठ करतात आणि आम्ही गुण देतो. मात्र त्याच्या पुढचा भाग घाईघाईने उरकतो. मम्मट पुढे म्हणतो की, वक्ता कोण आणि प्रसंग कोणता यावर दोषाचे दोषपण अवलंबून असते. सामान्य, गावंढळ पात्राच्या तोंडी ग्राम्य शब्द आला तर तो दोष राहत नाही, तो गुण होतो. भरतानेही प्रहसनाचे शुद्ध आणि संकीर्ण असे दोन भेद सांगितले आणि दुसऱ्या भेदात समाजातली सगळी फटिंग मंडळी त्यांच्या भाषेसह रंगमंचावर येऊ दिली. एका शब्दातून दोन अर्थ काढणे याला तर आपण श्लेष म्हणतो आणि त्याची गणना अलंकारांत करतो. संस्कृत पंडिताने केला की श्लेष, पंतकवीने केला की पांडित्य, आणि कापूस विकायला आलेल्या पोरीने केला की द्व्यर्थी! ही विभागणी साहित्यशास्त्राने केलेली नाही.

मग ती कोणी केली? आमचे उत्तर असे की, समितीला खटकला तो अर्थ नव्हता, खटकली ती बोली. 'मालाले', 'लावाच्या', 'आंधी' या तीन शब्दांनी ते वाक्य आधीच संशयित ठरले होते. दुसरा अर्थ नंतर सापडला. याला पुरावा समितीचाच दुसरा शेरा. ज्या संवादांत कसलाही द्व्यर्थ नव्हता, जिथे पोर बापाच्या औषधाचे पैसे मोजते, तेही 'शुद्ध' करायला सांगण्यात आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून हा सोवळेपणा आमच्या आसपास वाढलेला दिसतो. अभिजात म्हणजे इस्त्रीची, असा काहींचा समज झाला आहे. या मंडळींना आम्ही आठवण करून देऊ की, मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले ते अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात. ते तिथे का आले? म्हाइंभटाचे 'लीळाचरित्र' तिथे सिद्ध झाले म्हणून. मराठीचा हा आद्य गद्यग्रंथ लोक बोलत तसा बोलतो. गोविंदप्रभूंच्या लीळांत तर रिद्धपूरच्या गल्ल्या, बाया, भांडणे, शिव्या, हसणे हे सगळे भक्तिभावाने टिपलेले आहे. त्या काळी तपासणी समिती असती तर आपल्या अभिजाततेचा एक मोठा आधार कात्रीखाली गेला असता.

समुद्राकाठचा विनोद

आमच्या समित्यांना विलायतेचा दाखला दिला की नीट ऐकू येते, हा आमचा अनुभव आहे. म्हणून तोही देतो. इंग्लंडात ब्लॅकपूल, ब्रायटन अशी समुद्राकाठची गावे गिरणीकामगारांच्या आणि कारकुनांच्या सुट्टीची ठिकाणे होती. वर्षातून एक आठवडा माणूस कुटुंबासह तिथे जाई, धक्क्यावरच्या नाटकशाळेत गाणी आणि चावट विनोद ऐके आणि घरी चावट चित्रांची पोस्टकार्डे धाडी. डोनाल्ड मॅकगिल हा या पोस्टकार्डांचा सर्वांत प्रसिद्ध चित्रकार. त्याची पद्धत साधी होती: मजकूर असा लिहायचा की सरळ अर्थ नेहमी उपलब्ध असावा आणि वाकडा अर्थ वाचणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर काढावा. ब्रायटनचा मॅक्स मिलर हा विनोदी नट दोन वह्या घेऊन रंगमंचावर येई, एक पांढरी आणि एक निळी. पांढरीत सभ्य विनोद, निळीत चावट. प्रेक्षकांनी निवड करायची. प्रेक्षक निळी मागत, हे सांगायला नकोच.

तिथेही समित्या होत्या. काही गावांनी पोस्टकार्डे तपासण्यासाठी मंडळे नेमली. १९५४ साली लिंकन येथे ऐंशीच्या घरातल्या मॅकगिलवर अश्लीलतेचा खटला चालला आणि त्याला पन्नास पौंड दंड व वर खर्च भरावा लागला. पण त्याआधीच, १९४१ साली, जॉर्ज ऑर्वेलने या पोस्टकार्डांवर एक गंभीर निबंध लिहून ठेवला होता. चित्रे गचाळ आहेत हे तो लपवत नाही. त्याचे म्हणणे असे की, प्रत्येक माणसात एक डॉन क्विझोट असतो तसा एक सँको पांझाही असतो, आणि या दुसऱ्याला कधीतरी मोकळे बोलू द्यावे लागते. तो बोलतो तेव्हा समाज मोडत नाही, उलट रोजच्या शिस्तीचे ओझे त्याला पेलवते. पुढे १९६८ च्या कायद्याने नाट्यसंहिता आधी तपासून घेण्याची सक्ती इंग्लंडने रद्द केली आणि २०१० मध्ये वाइट बेटावरील राइड या गावी मॅकगिलच्या चित्रांचे संग्रहालय उघडले. आपल्याकडे मात्र प्रयोगापूर्वी संहिता मंडळाकडून तपासून घेण्याची पद्धत चालत आली. अमोल पालेकर यांना तिच्याविरुद्ध २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले.

इंग्रजांचे अनुकरण करा, असे आमचे म्हणणे नाही. ते तर आपण केव्हाच केले आहे, आणि मजेत केले आहे. १८९२ च्या 'चार्लीज आंट'वरून आचार्य अत्रे यांनी 'मोरूची मावशी' हे नाटक लिहिले. लुगडे नेसलेल्या पुरुषाला पाहून पुण्या-मुंबईची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हसली. हाच लुगडे नेसलेला पुरुष विदर्भाच्या खडी गंमतीत नाच्या म्हणून उभा राहतो तेव्हा तीच अभिरुची नाक मुरडते. समितीच्या तिसऱ्या शेऱ्यातला विनोद आता लक्षात यावा. मुलीने बोलू नये ते मुलाने साडी नेसून बोलावे, असा सल्ला देताना समितीने अजाणता नाच्याचेच पुनर्वसन केले!

'विच्छा'ची आठवण

आमच्या बाजूचा सर्वांत मोठा साक्षीदार वसंत सबनीस यांचे 'विच्छा माझी पुरी करा' हे आहे. १९६५ साली दादा कोंडके यांनी ते रंगमंचावर आणले आणि त्याचे दीड हजारांच्या घरात प्रयोग झाले. सबनीसांच्या या वगात मूर्ख राजा आहे, कारस्थानी प्रधान आहे, वशिल्याने कोतवाल झालेला एक गडी आहे, बढती हुकलेला हवालदार आहे आणि मैनावती आहे. मैनावतीची 'विच्छा' राजाच्या छपरी पलंगाची. पलंग म्हटल्यावर प्रेक्षक काय समजायचे ते समजतो. पण गोष्ट शेवटी वशिलेबाजीची आहे. त्या पलंगाच्या मोहाने नालायक कोतवाल फसतो आणि उघडा पडतो. चावटपणा हा इथे सापळा आहे, आणि त्यात अडकतो तो सत्ताधारी. शिवाय दादा त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातल्या बातम्या संवादात मिसळत, त्यामुळे रोजचा प्रयोग वेगळा होई. या वगाचे हिंदी रूप 'सैंया भये कोतवाल' उत्तर भारतात नाट्यसंस्था करीत आल्या आहेत.

'विच्छा' मान्य झाले, याची कारणे आमच्या प्राध्यापकवर्गाने स्वतःला विचारावीत. लेखक सुशिक्षित होता. नट सेवादलाच्या कलापथकातून आलेला होता. प्रयोग नाट्यगृहात, तिकीट लावून होत होते. 'तमाशा' हा शब्द पुसून 'लोकनाट्य' हा शब्द आलेला होता. स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई राज्याने तमाशावर बंदी घातली होती आणि मग सुधारणेच्या अटींवर ती उठवली होती. ज्यांनी तमाशा जगवला त्यांच्या फडांना या अटी जाचल्या, ज्यांनी तो उचलून शहरात नेला त्यांना त्या फायद्याच्या ठरल्या. वऱ्हाड तेव्हा मुंबई राज्यात नव्हता, मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो. म्हणजे ज्या बंदीचा हुकूम आपल्यावर कधी बजावला गेला नाही, तिची सवय मात्र आपण मागाहून, स्वखुशीने लावून घेतली.

आपला किनारा

वऱ्हाडाला समुद्र नाही, पण बहिरम आहे. चांदूर बाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, डिसेंबर-जानेवारीत भरणारी ही यात्रा म्हणजे कापूस-तुरीच्या हंगामात राबलेल्या माणसांची सुट्टी. राहुट्या, रोडगे, हंडीतले मटण, आणि एके काळी तमाशांचे फड. ब्लॅकपूलला गिरणीकामगार ज्या कारणाने जाई त्याच कारणाने आमचे आजोबा बैलगाडी जुंपून बहिरमला जात. याच यात्रेत गाडगेबाबाही येत. देवाच्या नावाने होणाऱ्या पशुहत्येविरुद्ध ते इथे बोलले, आणि बोलले ते अस्सल वऱ्हाडीत, लोकांना प्रश्न विचारत, हसवत, त्यांच्याच तोंडून उत्तर वदवून घेत. हसलेला माणूस ऐकतो हे त्यांना कळले होते. ज्या विद्यापीठाच्या आवारात आमची मुले पदव्या घेतात त्याला बाबांचे नाव आहे. त्यांची बोली मात्र आम्ही मंचावरून काढून टाकतो.

पोळ्याच्या झडत्या घ्या. तोरणाखाली बैल उभे राहिले की एक जण खड्या आवाजात झडती म्हणतो आणि जमाव 'हर हर महादेव' करतो. सावकार, पाटील, सरपंच, सरकार, कापसाचा भाव यांपैकी कोणीच तिथून सुटत नाही, आणि ज्याच्यावर झडती झाली तो त्या दिवशी रागावू शकत नाही. लग्नात विहिणीला उद्देशून बाया जी गाणी म्हणतात त्यांतील द्व्यर्थ आमच्या समितीने वाचले तर तिला भोवळ येईल. ती गाणी कोण म्हणते? आमच्या आया, आत्या, मावश्या, डोक्यावर पदर घेऊन. 'मुलीच्या तोंडी शोभत नाही' हा नियम ज्यांनी केला त्यांनी आपल्या घरचे लग्न कधी मांडवात बसून ऐकलेले दिसत नाही.

साहित्यातही ही बोली पाहुणी नाही. उद्धव शेळके यांची 'धग' १९६० ची. दारिद्र्याने पिचलेल्या कौतिकचे दुःख तिने वऱ्हाडीतच पेलले. तिथे आपण बोलीला दाद देतो. म्हणजे वऱ्हाडी माणसाने वऱ्हाडीत रडावे, याला विद्यापीठाची हरकत नाही. त्याने वऱ्हाडीत हसवावे, यालाही दूरचित्रवाणीची हरकत नाही, फक्त हसण्याचा विषय तो स्वतः असला पाहिजे. त्याने वऱ्हाडीत दुसऱ्याला, विशेषतः वरच्याला, हसावे, इथे मात्र कात्री निघते.

दुसऱ्या बाजूचा आक्षेप

समितीच्या शेऱ्यांपेक्षा एक आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आमच्यातल्याच एका सहकारी बाईंनी घेतला. या परंपरेत बाईच विनोदाचे लक्ष्य असते, तिचे शरीर हाच 'माल' असतो, आणि रंगमंचावर नाचणारी बाई कोणत्या जातीतून आली याबद्दल तुम्ही पुरुष प्राध्यापक गप्प असता, असे त्या म्हणाल्या. हे खरे आहे. शर्मिला रेगे यांनी १९९५ पासूनच्या आपल्या लेखनात दाखवून दिले की, लावणीच्या इतिहासात कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींतील स्त्रियांचे श्रम आणि लैंगिकता वरच्यांनी वापरून घेतली, आणि पुढे तीच कला 'स्वच्छ' करून तिचा मानही वरच्यांनीच घेतला. ज्यांच्या पोटाशी हे निगडित होते त्यांच्या वाट्याला शरम आली. लोककला म्हटले की हात जोडायचे, अशी आमची भूमिका नाही. दादा कोंडके यांच्या 'सोंगाड्या'त (१९७१) जो भाबडा नाम्या आहे त्याच्यावर आमचे प्रेम आहे; 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' (१९८६) पर्यंत येताना शीर्षकच सगळे काम करू लागले होते, हेही आम्ही मान्य करतो.

पण म्हणूनच कसोटी बदलायला हवी. शब्दाला दोन अर्थ आहेत का, हा प्रश्न निरर्थक आहे. मराठीत एकच अर्थ असलेले शब्द मोजकेच सापडतील. विचारायचे ते असे: हसे कोणाचे होते? बोलणारीच्या हाती काही येते की जाते? आमच्या वगातल्या जागेला ही कसोटी लावून पाहा. अडत्याची नजर तिला माल समजते. ती ते ओळखते, त्याचाच शब्द उचलते आणि भर बाजारात त्याला परत करते. त्या एका वाक्यात ती कापसाचा भाव मागते आणि स्वतःवरची नजर मोडून काढते. चारचौघांत लाज वाटते ती शेठला. हे वाक्य कापले की काय उरते? नजर उरते, कारण अडत्याचा अभिनय समितीने कापला नाही. कापले ते फक्त तिचे उत्तर. बाईला लक्ष्य करणारा भाग शाबूत ठेवून तिचा प्रतिकार तेवढा अश्लील ठरवणे, याला आम्ही स्त्रीसन्मान म्हणू शकत नाही. आक्षेप घेणाऱ्या बाईंना आम्ही संहिता वाचायला दिली. त्यांनी दोन जागा काढायला सांगितल्या. हवालदाराच्या तोंडी शेजारणीबद्दल असलेले ते दोन विनोद आम्ही तेव्हाच काढायला हवे होते. समितीच्या नजरेतून ते सुटले होते, कारण ते शुद्ध मराठीत होते.

आमचे म्हणणे

'गिधाडे'च्या प्रयोगात साडीवरचा लाल डाग आक्षेपार्ह ठरला, तेव्हा डॉ. श्रीराम लागू आणि मंडळींनी डाग निळा केला आणि प्रयोगाआधी घोषणा केली की प्रेक्षकांनी तो लाल समजावा. हा मार्ग आम्हालाही मोकळा आहे. पुढच्या वेळी वाक्य कापले गेले तर पडदा उघडण्यापूर्वी आम्ही चौघांपैकी एक जण पुढे येऊन ते वाक्य, वऱ्हाडीत, वाचून दाखवील आणि प्रेक्षकांना विनंती करील की "कृपया आधी दर सांगावा" हे ऐकू आल्यावर त्यांनी ते आठवावे. हशा तेव्हा होईल. कारवाई करायची ती मुलांवर न करता आमच्यावर करावी.

स्पर्धांच्या आयोजकांकडे आमच्या मागण्या तीन. एक, बोलीतील संहितेच्या परीक्षणाला ती बोली घरात बोलणारा निदान एक माणूस असावा. दोन, 'अश्लील' हा शेरा मारणाऱ्याने कोणाची अप्रतिष्ठा होते ते एका वाक्यात लिहून द्यावे. लिहिता आले नाही तर शेरा मागे घ्यावा. तीन, कोणत्याही विद्यार्थिनीच्या घरी असा निरोप जाणार नाही, याची हमी द्यावी, आणि गेला असेल तर तो परत घेण्यासाठी ज्याने पाठवला त्याने स्वतः जावे.

या तिसऱ्या बाबतीत आमचाही दोष आहे. आम्ही समितीशी वाद घालत बसलो आणि तिच्या घरी जायला महिना लावला. गेलो तेव्हा वडील अंगणात कापूस पसरत होते. संहिता त्यांना वाचून दाखवली. अडत्याची जागा आली तेव्हा ते हसले, मग थांबले, आणि म्हणाले, "सर, हे तं आमच्या बाजारातलंच हाय." पोर दारात उभी होती. यंदा काम करणार का, असे आम्ही विचारले. तिने उत्तर दिले नाही. वही मात्र मागून घेतली, आणि ती अजून तिच्याकडेच आहे.